नाना पाटेकर सोसायटीच्या मीटिंगला आले तर: मिमिक्री बसवायची कशी

चार मित्र जमले की त्यातला एक अमिताभ काढतोच. आवाज घोगरा करून 'हाँय' म्हणतो, सगळे हसतात, आणि मग पुढे काय बोलायचं हे त्याला सुचत नाही. पुन्हा 'हाँय' म्हणतो. या वेळी निम्मे हसतात. तिसऱ्यांदा कुणीतरी विषय बदलतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. एखादा आवाज बऱ्यापैकी निघतो, पण त्याची पाच मिनिटं कशी करायची ते कळत नाही, अशांसाठी.

आवाज जुळल्यावर जो हशा मिळतो तो ओळख पटल्याचा असतो, आणि ओळख एकदाच पटते. पुढचे सगळे हशे तो माणूस भलत्या ठिकाणी कसा वागेल यातून काढावे लागतात. जॉनी लिव्हरचं उदाहरण घ्या. धारावीतला मुलगा, रस्त्यावर पेनं विकताना गिऱ्हाईक जमावं म्हणून नटांचे आवाज काढायचा. पण 'लिव्हर' हे नाव त्याला नटांच्या नकलांनी दिलं नाही. हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार असताना कंपनीच्या कार्यक्रमात त्याने साहेब लोकांच्या नकला केल्या, आणि कामगारांनी त्याला ते नाव चिकटवलं. रोज ज्यांच्यापुढे मान खाली घालायची ते साहेब स्टेजवर आपल्या तावडीत सापडलेले बघणं, ही त्यातली खरी गंमत.

कुणाची नक्कल घ्यायची

पहिली अट: समोरच्याला तो माणूस माहीत हवा. राजकुमार आणि देव आनंद ज्येष्ठ नागरिक संघात आजही टाळी घेतात, पार्ल्याच्या कॉलेजात मात्र पोरं एकमेकांकडे बघतात. दुसरी अट म्हणजे तो माणूस तुमच्या गळ्याच्या आसपासचा हवा. निदान पहिला तरी. खर्जातला आवाज निसर्गाने दिलेला नसेल तर अमिताभच्या मागे लागून वर्ष घालवू नका. तोवर एखादा टीव्ही पत्रकार किंवा क्रिकेट समालोचक चांगला बसेल. त्यांची ओळख आवाजापेक्षा बोलण्याच्या चालीत जास्त असते, आणि चाल कुणालाही उचलता येते. मुलींनी पुरुषांचे आवाज करायचे असतील तर हाच रस्ता धरावा. पट्टी खाली ओढत बसण्यापेक्षा लय पकडली की लोक आवाजातला फरक आपण होऊन माफ करतात.

तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या माणसाला ठाम असा स्वभाव हवा. सचिन तेंडुलकरची नक्कल करणारे सगळे आवाज बारीक करतात आणि थांबतात. पण सचिनची खरी गंमत ही की तो जाहीरपणे कुणालाही वाईट म्हणत नाही. मग त्याला अशा जागी बसवा जिथे कुणाला तरी नाराज करावंच लागेल. मोदक स्पर्धेचा परीक्षक करा. दोन काकू समोर उभ्या, एकीचा मोदक फुटलेला. 'दोन्ही मोदकांनी खूप मेहनत घेतली आहे. हा जो आहे, तो थोडा ओपन झाला. पण ओपन करणं मला नेहमीच आवडलंय.' आता आवाज साठ टक्केच जमला तरी चालतं.

टाळण्यासारखंही सांगून ठेवतो. शाहरुखचा अडखळणारा 'क', निळू फुल्यांचा वाडा, सनी देओलचा हात. हे वाईट नाहीत, पण इतके घासलेले आहेत की तुम्ही त्या नटाची नक्कल न करता दुसऱ्या नकलाकाराची नक्कल करत असता.

ऐकायचं काय आणि कसं

सिनेमातले संवाद बाजूला ठेवा. संवाद लेखकाचा असतो, पात्र दिग्दर्शकाचं असतं. माणूस सापडतो तो मुलाखतीत, आणि त्यातही नको असलेला प्रश्न विचारल्यावर. असा वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडा आणि इअरफोन लावून ऐका.

पहिल्या फेरीत तोंडाने काहीही बोलू नका. नुसतं कागदावर उतरवा, 'म्हणजे', 'काय आहे ना', 'अं' सकट. हे भरतीचे शब्दच त्या माणसाची सही असतात. मग पुन्हा ऐकत खुणा करा: थांबला तिथे तिरकी रेघ, जोर दिला त्या शब्दाखाली रेघ, आवाज चढला तिथे वर जाणारा बाण. बहुतेक नवशिक्यांचा कागद शब्दांनी भरतो आणि रेघा विसरतात. खरं तर रेघा जास्त मोलाच्या.

दुसऱ्या फेरीत तोंड मिटून, शब्दांशिवाय, त्या तुकड्याची चाल फक्त गुणगुणा. हं-हं-हंऽ असं. गुणगुणण्यावरूनच घरातल्या कुणी माणूस ओळखला तर अर्धं काम झालं. तिसऱ्या फेरीत तोंडाची रचना शोधायची.

इथे थोडं शरीरशास्त्र उपयोगी पडतं. स्वरतंतू ज्याचे त्याचे, ते बदलता येत नाहीत. त्यांच्या वरची नळी मात्र बदलता येते: घसा, जीभ, टाळू, ओठ, नाक. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, कंठमणी वर जाईल. तो वर असताना बोललात तर आवाज पातळ, पोरकट येतो. जांभई देताना तो खाली जातो आणि आवाज भारदस्त होतो. ओठ हसऱ्यासारखे मागे खेचले की आवाज उजळतो, चंबू केला की मंद होतो. आवाज नाकातला आहे का ते तपासायला चिमटीत नाक धरून 'काका आले, चहा द्या' असं वाक्य म्हणा, ज्यात म, न, ङ नाहीत. नाक धरल्यावर आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. बदलला नाही तर नाही. ज्याची नक्कल करायची त्याचं नाक काही तुम्हाला धरता येणार नाही, पण आपल्या तोंडात दोन्ही तऱ्हा करून बघितल्या की त्याची कुठली ते कानाला कळतं.

रेकॉर्डिंग फोनवर करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, त्यामुळे तो असतो त्यापेक्षा भरदार वाटतो. समोरच्याला तो भरदारपणा ऐकू येत नाही. बाथरूममधला आवाज तर दुप्पट खोटा, तिथल्या फरशा प्रत्येकाला अमिताभ करतात. मुंबईच्या घरांत सरावाला जागा नाही म्हणून काहीजण वरळी सी फेसला किंवा दादर चौपाटीला जातात. तिथे लाटांच्या आवाजावर ओरडावं लागतं आणि ओरडण्यातच सगळे बारकावे जातात. त्यापेक्षा गच्ची बरी, आणि शेजाऱ्यांना एकदा सांगून ठेवलेलं बरं.

शरीर

यावर फार लिहीत नाही. आरशासमोर एकच लकब निवडा: मानेचा कोन, चष्मा सावरणं, बोट. दहा लकबी एकत्र केल्यात तर अंगात आल्यासारखं दिसतं. राज ठाकरे सभेत दुसऱ्या नेत्यांच्या नकला करतात ते या दृष्टीने बघण्यासारखं आहे, राजकारण तुमचं कुठलंही असो. शिवाजी पार्कात मागच्या माणसाला चेहरा धड दिसतही नाही, तरी मान आणि हाताच्या एका हालचालीवर हशा येतो.

लिहायचं कसं

इथे सगळे आळस करतात, म्हणून एक नक्कल पूर्ण बसवून दाखवतो. माणूस नाना पाटेकर, जागा गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा, विषय पाणी.

पहिला मोह होतो गाजलेला संवाद उचलून त्यात 'पाण्याची टाकी' घालण्याचा. तो टाळायचा. त्याऐवजी नानांच्या बोलण्याची हाडं मांडायची. वाक्यं आखूड. प्रश्न स्वतः विचारायचा, उत्तर स्वतः द्यायचं. एकाच माणसाकडे बघून हळू बोलायचं आणि अचानक सगळ्यांवर उसळायचं. आणि शेवटी तो टोला स्वतःवर घ्यायचा. एवढं मिळालं की मसुदा असा होतो:

'पाणी येत नाही. / नाही येत. / ठीक आहे. सवय झाली. आंघोळीची लागते, तशी बिनआंघोळीची पण लागते. सेक्रेटरी म्हणतात, टाकी साफ करायचीय. करा ना! कोण नाही म्हणतंय? मुंबईत समुद्र आहे पण प्यायला पाणी नाही. गेल्या वर्षी पण साफ करत होते. एक माणूस उतरला होता टाकीत. आला वर? / नाही आला. मेंटेनन्स आला वर. हसू नका. मी हसतोय का? माझी काय हिंमत. / मी कमिटीत आहे.'

आता काटछाट. समुद्राचं वाक्य काढायचं. वाक्य खोटं नाही, पण ते कुणीही बोलेल, आणि जे कुणीही बोलू शकतं त्यावर नानांचा आवाज वाया जातो. 'सवय झाली' ठेवायचं, कारण त्या शांतपणामुळेच 'करा ना!' चढतं. 'आला वर?' नंतरची रेघ सगळ्यात लांब, निदान दोन सेकंद. तेवढा वेळ पहिल्या रांगेतल्या एकाच माणसाच्या डोळ्यांत बघत राहायचं. नवखा इथे घाबरतो आणि लगेच पुढचं वाक्य टाकतो, त्याबरोबर हशा जातो. शेवटचं 'मी कमिटीत आहे' घोगऱ्या, चढ्या आवाजात घेऊ नका. पडलेल्या आवाजात, जवळजवळ स्वतःशी. चढ्या आवाजात ते तक्रार होतं, पडल्या आवाजात कबुली होते, आणि लोक कबुलीला हसतात.

मसुदा तपासायच्या दोन कसोट्या आहेत. आवाज न काढता, सपाट वाचून दाखवा. मित्राने माणूस ओळखला पाहिजे. आणि तेच वाक्य तुमच्या नेहमीच्या आवाजात तितकंच हसवत असेल तर तो नुसता विनोद आहे. चांगला विनोद असेल, पण तो तुमच्याच आवाजात सांगा, त्याला नानांची गरज नाही.

सेट लावणं आणि माइक

क्रम गळ्यावरून ठरवा. खरडून काढायचे आवाज शेवटी, नाहीतर त्यांच्यानंतरचे बारीक आवाज फाटतात. लागोपाठचे दोन आवाज एकमेकांपासून लांब हवेत, जाड्यानंतर पातळ, संथानंतर घाईचा. सगळ्यात पक्का आवाज शेवटाला, त्याच्या खालोखालचा सुरुवातीला. आणि 'आता मी अमुकचा आवाज काढतो' ही घोषणा बंद करा. प्रसंग सांगा, माणूस लोकांना ओळखू द्या. पहिल्या वाक्यात ओळखला नाही तर तो आवाज अजून स्टेजवर आणायचा झालेला नाही.

दोन आवाजांचं संभाषण करायचं असेल तर शरीराचा कोन ठरवून घ्या. एक डावीकडे बघून, दुसरा उजवीकडे बघून. एक उंच असेल तर दुसऱ्याची नजर वर हवी. वळताना 'मग तो म्हणाला' घालू नका.

हँड माइक ओठांच्या अगदी जवळ आणला की खर्ज वाढतो. बऱ्याच ठिकाणचे साधे माइक असेच वागतात. म्हणजे जाड आवाजासाठी जवळ, पातळ आवाजासाठी चार बोटं लांब, आणि ओरडताना हातभर. प आणि फ चा फुस्कारा टाळायला माइक जरा तिरका धरा. कार्यक्रमाआधी साउंडवाल्या दादांकडे जाऊन नावाने बोला आणि इको कमी करून घ्या. गणपतीच्या मांडवात गाण्यांसाठी लावलेला इको तसाच राहतो आणि तुमचा प्रत्येक पॉज बुजवून टाकतो.

गळ्याचं थोडक्यात: कोमट पाण्याचे घोट घेत राहा, खाकरू नका, आवाज बसलेला असताना कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही ताण पडतो. घोगरे, खरडणारे आवाज दिवसातून मोजकाच वेळ. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

कुठे थांबायचं

शरद पवारांची नक्कल महाराष्ट्रात अनेकजण करतात आणि बहुतेक जण उच्चारावर जातात. तोंडाच्या कर्करोगावर 2004 मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, हे त्यांनी कधी लपवलं नाही. आजाराने दिलेल्या उच्चारावर हशा घेणं मला हलकं वाटतं, आणि शिवाय ते सोपंही आहे. त्यांच्या बोलण्यात त्याहून गमतीचं बरंच आहे: थेट उत्तर न देणं, प्रश्नकर्त्याला त्याच्याच तालुक्याची माहिती देणं, शांतपणे एक वाक्य ठेवून निघून जाणं. ती नक्कल कष्टाची आहे, पण ती पवारांना ओळखणारा माणूसच करू शकतो. तीच गोष्ट पुरुषांनी केलेल्या स्त्रियांच्या नकलांची. साडी नेसून मुरडणं म्हणजे कुठल्याच बाईची नक्कल होत नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. विडंबन म्हणून नक्कल करणं वेगळं आणि कुणाचा आवाज, चेहरा, लकब वापरून धंदा करणं वेगळं. दिल्ली उच्च न्यायालयाने दलेर मेहंदीच्या प्रकरणात 2010 मध्ये व्यंग आणि विडंबनाला जागा ठेवली होती. त्याच न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूरच्या बाजूने दिलेल्या आदेशात त्याचं नाव, आवाज, प्रतिमा, अगदी 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय पैशासाठी वापरायला मनाई केली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयवर नक्कल करणाऱ्यांना रोखलं. म्हणून ओळखीच्या साडीवाल्याने 'अमिताभच्या आवाजात जाहिरात कर' म्हटलं तर नाही म्हणा. रीलमध्ये आवाज तुम्ही स्वतः काढलाय हे दिसू द्या, चेहरा दाखवा, शीर्षकात 'मिमिक्री' लिहा.

राजकीय आणि धार्मिक नकलांमध्ये धोका कोर्टाच्याही आधी येतो. जानेवारी 2016 मध्ये विनोदी नट किकू शारदाला डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याच्या नकलेवरून धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीत अटक झाली होती. मार्च 2025 मध्ये एका राजकीय विडंबनावरून खारच्या हॅबिटाट या कॉमेडी क्लबची तोडफोड झाली, आणि नुकसान जागेचं झालं. करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण जागेच्या मालकाला आधी सांगा, त्याला यूट्यूबवर कळू देऊ नका. तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करणार असाल तर संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. आणि सार्वजनिक गणपतीच्या मांडवात काम असेल तर पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर कोण बसणार आहे ते कार्यकर्त्यांना विचारून ठेवा. बॅनरवर फोटो ज्यांचा मोठा, त्यांची नक्कल त्या दिवशी नको.

पहिली संधी

कॉलेजात असाल तर मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाहून चांगली शाळा नाही. तिथे मिमिक्री हा स्वतंत्र प्रकार आहे, एकट्याने करायचा, वेळ पाच मिनिटं. आवाजांच्या विविधतेला गुण असतात, त्यामुळे माणसांबरोबर लोकलची उद्घोषणा, मिक्सर, कुकर वगैरेही लोक घालतात. स्पर्धेसाठी ठीक आहे. बाहेर मात्र पाच मिनिटांत बारा आवाज करू नका, तीन करा आणि प्रत्येकाला प्रसंग द्या.

कॉलेज संपलं असेल तर सोसायटीचा गणपती, कोजागरी, ऑफिसचा वार्षिक समारंभ. ऑर्केस्ट्राचे लोक दोन गाण्यांमध्ये भरायला नकलाकार शोधत असतात, वादक वाद्यं जुळवतात तेवढा वेळ तुमचा. ऐकायला अपमानास्पद वाटतं, पण लोक चहा आणायला उठलेले असताना त्यांना परत बसवणं तिथेच शिकता येतं. मराठी ओपन माइकला प्रेक्षक तरुण आणि दुसरे कॉमिकच जास्त असतात. ते आवाजाला हसत नाहीत, मजकुरालाच हसतात, म्हणून नवा मसुदा आधी तिथे नेऊन बघावा.

सुपारी घेताना तीन गोष्टी फोनवरच बोलून घ्या आणि लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: किती मिनिटं, किती वाजता स्टेजवर, आणि नाइट, म्हणजे त्या कार्यक्रमाचं मानधन, किती. निम्मे पैसे आगाऊ. कार्यक्रम बदलापूरला आणि तुम्ही गोरेगावला असाल तर परतीच्या गाडीची सोय त्यांच्याकडे, कारण साडेनऊचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होतो आणि शेवटची लोकल थांबत नाही. कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत कुणीतरी ताट हातात घेऊन येईल आणि म्हणेल, 'आमच्या बंड्यासाठी अजून एक आवाज काढा ना.' एकच काढा, लहानसा, आणि तो स्टेजवर केलेल्यांपैकी नको.